एक बीप ऐकू येईपर्यंत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. देवपूरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एक डेस्कटॉप कॉम्प्युटर जोडला. बटण दाबलं. पंखे फिरायला लागले, कॅबिनेटमधले दिवे लागले. मॉनिटर मात्र काळाच राहिला.

आपल्याकडे या आजाराला एक सरळ नाव आहे: 'डिस्प्ले येत नाही.' दुरुस्तीच्या दुकानात जाऊन हे तीन शब्द उच्चारले की समोरचा माणूस मान हलवतो. पण हे तीन शब्द घरात, आई, आजी आणि धाकट्या बहिणीसमोर उच्चारणं वेगळं. कारण मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पुण्यात नोकरी करतो. घरच्यांच्या दृष्टीनं कॉम्प्युटरचं जे काही असेल ते मला येतं. खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगला असताना ८०८५ च्या किटवर दोन आकड्यांची बेरीज केली होती, त्यानंतर प्रोसेसर नावाची वस्तू मी हातात धरलेली नव्हती. सहा वर्षं मी जे सॉफ्टवेअर लिहितोय ते कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर चालतं. तो सर्व्हर मी पाहिलेला नाही.

कॉम्प्युटर धाकटीसाठी होता. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तिच्या प्रोजेक्टला तिचा जुना लॅपटॉप पुरत नव्हता. आईनं भिशीचे ७०,००० रुपये काढून दिले. 'तयार घेण्यापेक्षा आपण असेंबल करू, स्वस्तात जास्त मिळेल,' हे मीच म्हणालो होतो. सुटे भाग मीच निवडले. आता त्यातलं काहीतरी मेलं असेल, तर ते आलं तेव्हाच मेलेलं होतं की माझ्या हातून मेलं, हे कळायला मार्ग नव्हता. आणि वस्तू परत करायची मुदत सोमवारी संपत होती. तो शनिवार होता.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले आणि बूट. मशीन ज्या टप्प्यावर अडेल तो दिवा पेटून राहतो. आमचा मेमरीचा पेटला होता. मग मी सगळं केलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून परत बसवल्या. खाचा बदलल्या. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून, पाच मिनिटं थांबून परत लावली, म्हणजे जुन्या नोंदी पुसल्या जातात. दर वेळी बटण दाबायचं, मिनिटभर पाहायचं, दिवा तसाच दिसला की प्लग काढायचा. रात्री अकरापर्यंत हे पंधरा-वीस वेळा झालं. आजी मधूनमधून तिच्या अहिराणीत विचारायची, "चालू व्हयनं का?" शेवटी तिनंही विचारणं सोडलं.

मेमरी खराब आली आहे, अशी तक्रार मी फोनवर टाइप करून ठेवली. पाठवली नाही. झोप येत नव्हती, म्हणून वाचत बसलो. शोधायला गेलो होतो उपाय, पण हाती लागला इतिहास.

०

पहिला प्रश्न साधा होता. या सगळ्याला 'बूट' का म्हणतात?

इंग्रजीत जुनी कल्पना आहे: स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलायचं. म्हणजे अशक्य गोष्ट. कॉम्प्युटरची अडचण नेमकी तीच. त्याला काहीही करायचं असेल तर आधी मेमरीत प्रोग्राम हवा. प्रोग्राम मेमरीत आणायचा, तर ते आणण्यासाठीसुद्धा एक प्रोग्राम हवा. चालू झालेल्या क्षणी मेमरी रिकामी. मग पहिला प्रोग्राम कोण आणणार?

केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक नावाचा कॉम्प्युटर चालू झाला. तिथे डेव्हिड व्हीलर या तरुणानं यावर उत्तर काढलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर सुरुवातीच्या सूचना कायमच्या तारांनी जोडून ठेवायच्या. एकूण ३१ सूचना. बटण दाबलं की त्या मेमरीत उतरायच्या आणि कागदी पट्टीवरचा खरा प्रोग्राम वाचून घ्यायच्या. आजही तुमचा फोन चालू होताना हेच घडतं. चिपमध्ये कायमची कोरलेली थोडकी सुरुवात जागी होते, ती तिच्याहून मोठ्या प्रोग्रामला उठवते, आणि तो आणखी मोठ्याला.

१९७५ साली अमेरिकेत आल्टेअर ८८०० नावाचा घरी जोडायचा कॉम्प्युटर आला. त्याला स्वतःची कायमची सुरुवातही नव्हती आणि पडदाही नव्हता. समोर खटक्यांची आणि बारीक दिव्यांची रांग असायची. चालू केल्यावर माणसानं एकेक खटका वर-खाली करून सुरुवातीच्या सूचना स्वतः भरायच्या. एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मशीन अडलं तर दिव्यांकडे बघून ताडायचं की कुठे अडलं.

मग १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला. त्याच्या बोर्डावरच्या चिपमध्ये बायॉस नावाचा कायमचा प्रोग्राम होता, आणि तो सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करायचा. प्रोसेसर ठीक आहे का, मेमरी ठीक आहे का, कीबोर्ड आहे का. या तपासणीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पोस्ट' म्हणतात. सगळं ठीक असेल तर आतला छोटा स्पीकर एकदाच वाजायचा: एक आखूड बीप. एक लांब आणि दोन आखूड बीप आल्या, तर डिस्प्लेची तक्रार. आवाजच का? कारण ज्याचा पडदाच चालत नाही त्यानं पडद्यावर तक्रार लिहायची कशी? मला हे फार शहाणपणाचं वाटलं. जो अवयव बिघडला असेल त्याच्यावर अवलंबून न राहता आजार सांगता आला पाहिजे, असा विचार कुणीतरी करून ठेवला होता.

१९८४ च्या पीसी-एटीपासून आणखी एक सोय झाली. तपासणीच्या प्रत्येक पायरीवर मशीन एका ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहायला लागलं. बोर्डात एक छोटं कार्ड खोचलं की तो आकडा त्यावर दिसायचा. जिथे आकडा थांबला, तिथे मशीन थांबलं. या कार्डाला आपल्याकडचे दुरुस्तीवाले 'पोस्ट कार्ड' म्हणतात.

आणि एक गोष्ट पुण्यातली. १९८८ साली तिथे सीडॅक ही संस्था सुरू झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिथून परम ८००० हा महासंगणक बाहेर पडला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिपा एकमेकींना जोडून बनवला होता. या चिपेची एक खुबी होती. तिला जागं व्हायला स्वतःची कायमची सुरुवात असलीच पाहिजे असं नव्हतं. शेजारच्या चिपेनं जोडतारेवरून प्रोग्राम धाडला तरी ती उठायची, आणि मग तिच्या पुढचीला उठवायची. गल्लीत पहाटे एकानं दुसऱ्याचं दार वाजवावं, तसं.

०

रात्री एकच्या सुमारास मी मुंबईला पोचलो. म्हणजे टिफ्रॅकपर्यंत.

होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९५४ च्या सुमारास, आपला स्वतःचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवायचं ठरलं. काम आर. नरसिंहन यांच्याकडे आलं. ते नुकतेच अमेरिकेत शिकून परतले होते. सुरुवातीचा गट सहा जणांचा. त्यांच्यापैकी नरसिंहन सोडले तर कुणी कॉम्प्युटर वापरलेलासुद्धा नव्हता, बनवणं दूरच राहिलं.

इथे मी मोबाइल बाजूला ठेवला. शेजारच्या खोलीत टेबलावर माझं उघडं कॅबिनेट पडलेलं होतं. माझ्याकडे तयार भाग होते. ज्या त्या खाचेत ज्या त्या आकाराचीच वस्तू बसेल अशी सोय होती, आणि जगभरच्या लोकांनी काढलेले शेकडो व्हिडिओ होते. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. व्हॉल्व्ह, डायोड, तारा आणि डागण्या घेऊन ते बसले होते. तरी त्यांनी बनवला. कसा?

त्यांनी आधी मोठा कॉम्प्युटर बनवलाच नाही. पूर्ण यंत्राच्या आधी एक छोटं, प्राथमिक यंत्र जोडलं. आखलेल्या रचनेवर खरंच काम होतं की नाही ते पाहायचं, एवढाच त्याचा उद्देश. ते १९५६ मध्ये चालू झालं. मग पुढे मोठ्या यंत्राचं काम हाती घेतलं, आणि १९६० मध्ये ते वापरात आलं. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं.

या मोठ्या यंत्राचे आकडे बघा. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा, दोन्ही बाजूंनी दारं, कारण आत हात घालावाच लागणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. व्हॉल्व्ह ही बल्बसारखीच तापणारी, कधी ना कधी जाणारी वस्तू. त्यातला कुठलाही एक गेला की गणित चुकलं. असं यंत्र एकदम पूर्ण जोडून बटण दाबलं असतं आणि ते चाललं नसतं, तर दोष शोधायचा कुठे? लहान यंत्र आधी चालवून पाहिलेलं असेल, तर निदान एवढं माहीत असतं की रचना बरोबर आहे. चूक नंतर जोडलेल्या भागात आहे.

मेमरी फेराइटच्या मण्यांची होती. बारीक चुंबकी मणी तारांत ओवलेले, एका मण्यात एक बिट. ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या हिशेबात दहा केबी. माझ्या टेबलावरच्या दोन पट्ट्यांत त्याच्या तेहतीस लाख पटींहून जास्त जागा होती. पण मण्यांना एक गोष्ट यायची जी माझ्या पट्ट्यांना येत नाही. लाईट गेली तरी मण्यातलं चुंबकत्व तसंच राहायचं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधलेली, आज आपण सगळे वापरतो ती मेमरी विसरभोळी. तिला सेकंदाला कितीतरी वेळा आठवण करून द्यावी लागते, आणि वीज गेली की सगळं साफ.

मी पुण्यात राहतो, मुंबईला कित्येकदा गेलोय, चार वर्षं हाच विषय शिकलो. सहा जणांनी हे केलं होतं हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

०

रविवारी सकाळी शेजारचे काका आले. आईनं सांगितलं असणार. काकांनी आधी रेडिओ, मग टीव्ही, आणि नव्वदच्या दशकापासून कॉम्प्युटर दुरुस्त केले. आमच्या बाजूच्या कितीतरी घरांतला पहिला कॉम्प्युटर त्यांनीच जोडलेला. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायला रात्रीच्या गाडीनं मुंबई, आणि दुसऱ्या रात्री परत धुळं. आता दुकान बंद आहे, पण ड्रॉवर तसेच आहेत.

मी त्यांना पंधरा-वीस प्रयत्न सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळं काढ."

"सगळं?"

"ज्याच्याशिवाय ते बोलू शकेल असं सगळं. पंखे, हार्डडिस्क, कार्ड, दिवे. मदरबोर्ड बाहेर काढ, त्याच्या खोक्यावर ठेव. प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा आणि रॅमची एक पट्टी. बस."

मी गप्प राहिलो. रात्री वाचलेलंच हे काका बोलत होते, फक्त त्यांनी टिफ्रॅकचं नाव घेतलं नव्हतं. आधी छोटं यंत्र चालवायचं.

तासाभरात टेबलावर एवढंच उरलं: खोक्यावर ठेवलेला बोर्ड, बाजूला एसएमपीएस, आणि थेट बोर्डाला लावलेली मॉनिटरची वायर. आमच्या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय होती, म्हणून ग्राफिक्स कार्डाशिवाय भागत होतं. कॅबिनेटचं बटण नसल्यामुळे काकांनी दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला. मेमरीचा दिवा लागला. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. माझा हात प्लगकडे गेला.

"थांब," काका म्हणाले. "कुठे चाललास?"

"अडकलंय ना. कालही असंच..."

"पुस्तक वाचलंस?"

पुस्तक म्हणजे मदरबोर्डबरोबर आलेली माहितीपुस्तिका. ती खोक्यातच होती, प्लास्टिकमध्ये. मी व्हिडिओ बघून जोडलं होतं. काकांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून पुस्तिका माझ्यापुढे धरली. नवी मेमरी बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, त्या वेळात वीज बंद करू नये, असं तिथे छापलेलं होतं.

आईनं चहा आणला. आम्ही टेबलाभोवती बसून दिव्याकडे बघत होतो. चौथं मिनिट संपत आलं आणि मॉनिटर उजळला.

०

त्या चार मिनिटांत काय चाललं होतं ते मला नंतर नीट समजलं.

आमची मेमरी डीडीआर५ जातीची. तिचं मानक जुलै २०२० मध्ये जाहीर झालं. तिच्यातल्या एकेका तारेवरून सेकंदाला सहाशे कोटी बिट जाऊ शकतात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला येणारा वेळ इतका थोडा, की तेवढ्यात विजेचा संकेत बोर्डावर जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. एक तार दुसरीपेक्षा किंचित लांब असली तरी एकाच वेळी निघालेले बिट पुढेमागे पोचतात. आणि कुठलेही दोन बोर्ड, कुठल्याही दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून पहिल्यांदा चालू होताना प्रोसेसर प्रत्येक तारेवर नमुन्याचे बिट पाठवून बघतो, थोडं लवकर वाच, थोडं उशिरा वाच, व्होल्टेज जरा वाढव, असं करत प्रत्येक तारेसाठी योग्य क्षण शोधतो आणि लिहून ठेवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एकदा झालं की पुढच्या वेळी ती नोंद वापरून मशीन चटकन उठतं.

आता माझा शनिवार आठवा. दर मिनिटाला मी प्लग काढत होतो, म्हणजे शिकणं अर्ध्यावर तुटत होतं. मग मी पट्ट्यांची जागा बदलत होतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि वर बॅटरी काढून नोंदी पुसत होतो, म्हणजे लिहिलेलं काही असलंच तर तेही गेलं. बिघाड शोधायला मी जे जे करत होतो, तोच बिघाड होता. मेमरी धडधाकट होती. मी तिला खराब ठरवून परत पाठवणार होतो.

एक मिनिटच का? त्याचं उत्तर माझ्या नोकरीत आहे. मी जे प्रोग्राम लिहितो त्यात एक ओळ हमखास असते: समोरून तीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर तो मेला असं समज आणि पुढे जा. याला टाइमआउट म्हणतात. मोठ्या सिस्टिम त्याशिवाय चालत नाहीत. पण तो आकडा किती ठेवायचा, हे समोरचा काय काम करतोय त्यावर ठरतं. ते मी कधी विचारलंच नाही, ना ऑफिसात, ना देवपुरात.

आणि यात सगळा दोष माझा आहे असंही मी म्हणणार नाही. एडसॅकपासून पीसीपर्यंत मशीनला बोलतं करायला लोकांनी इतकी डोकी चालवली, आणि आज चार मिनिटं शिकत बसलेलं मशीन आणि मेलेलं मशीन बाहेरून सारखंच दिसतं. तोच दिवा, तोच काळा पडदा. बीप वाजवणारा स्पीकर तर नव्या कॅबिनेटमध्ये बहुतेकदा येतच नाही. तो बोलायचा तेव्हा त्रास वाटायचा म्हणून की चार पैसे वाचतात म्हणून, कोण जाणे.

०

मग आम्ही एकेक वस्तू परत लावली. प्रत्येक वस्तूनंतर चालू करून बघायचं, हा काकांचा नियम. रॅमची दुसरी पट्टी लावल्यावर पडदा पुन्हा काळा झाला. या वेळी कुणी हललं नाही. पण आता वेगळीच भीती: मे महिना, दुपारची वेळ, लाईट कधीही जाईल. धाकटीनं शेजारून काकांचा जुना यूपीएस उचलून आणला. पाच मिनिटांनी पडदा आला तेव्हा तिनं पहिल्यांदा श्वास सोडला असावा. मेमरी, मग डिस्क, मग ग्राफिक्स कार्ड, मग कॅबिनेट. संध्याकाळी सहाला स्क्रू कसले. फोनवरची तक्रार मी पुसून टाकली.

जाताना काका एकदा घरी जाऊन आले. हातात शर्टाच्या बटणाएवढा काळा स्पीकर होता, दोन तारा आणि टोकाला प्लग. त्यांच्या ड्रॉवरमधला, कुठल्यातरी जुन्या मशीनमधून काढलेला. "बघ, जागा आहे का बोर्डावर." कोपऱ्यात चार पिना होत्या, त्यांच्याशेजारी बारीक अक्षरांत स्पीकर असं छापलेलं. बोर्ड बनवणाऱ्यांनी जागा अजून ठेवली आहे.

धाकटीनं बटण दाबलं. या वेळी पंधराएक सेकंदच लागले. पंखे फिरले, दिवे एकामागून एक लागून विझले, आणि पडदा उजळायच्या आधी आतून बारीक आवाज आला. एक आखूड बीप.

आजी आतल्या खोलीत होती. तिथूनच म्हणाली, "बोलनं रे भो, बोलनं!"